चोर धरायला परवानगी कोणाची?



जॉबरची दस्तुरी म्हणजे काय, हे तुम्हाला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. तुम्ही स्वतः दिली नसेल, तर तुमच्या बापाने दिली आहे, आजाने दिली आहे. पहाटे फाटकाशी बदलीवाल्यांचा घोळका उभा राहायचा आणि आत कोणाला घ्यायचे ते जॉबर बोटाने दाखवायचा. ते बोट कोणाकडे वळायचे? काल संध्याकाळी ज्याने त्याच्या हातावर काही टेकवले त्याच्याकडे! नोकरी मिळवायला दस्तुरी, ती टिकवायला दस्तुरी, गावाहून परत आल्यावर आपलाच साचा परत मिळवायला पुन्हा दस्तुरी. 1931 साली व्हिटली साहेबाच्या रॉयल कमिशनने हिंदी मजुरांच्या स्थितीवर अहवाल दिला, त्यात या लाचखोरीची नोंद आहे. म्हणजे गोऱ्या साहेबालासुद्धा ती दिसली होती.

मग ती कमी झाली कशाने? जॉबरला कीर्तन ऐकवून नव्हे. 1935 साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कंट्रोलची पद्धत आली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठराविक बदलीवाल्यांना कार्डे द्यायची आणि रोज सकाळी रिकामी जागा आधी कार्डवाल्याला द्यायची. मालकांनी ही पद्धत कामगारांच्या प्रेमापोटी आणली असे कोणी समजू नये. शिवाय दस्तुरी त्याने मेलीही नाही. पण जॉबरच्या बोटाची ताकद घटली. माणूस तोच, लोभ तोच, फाटकही तेच. निवडण्याची मोकळीक तेवढी त्याच्या हातून काढून कार्डावर आणली, तारखेवर आणली. लाचखोरी आवरणारा कायदा म्हणतात तो एवढाच. सत्तेवरच्या माणसाला साधू बनवण्याच्या गोष्टी भाबड्यांनी कराव्यात. आपण त्याचे बोट बांधण्याचे बोलू.

हाच गज घेऊन आपल्या राज्याचे कायदे मोजून पाहू या. मिलच्या जॉबरचे बोट कार्डाने बांधले. मंत्रालयातल्या मोठ्या जॉबरांचे बोट कशाने बांधले आहे?

कायदे नाहीत असे नाही. कायदे पुष्कळ आहेत! 1947 चा लाचलुचपत प्रतिबंधक कायदा होता, 1988 साली त्याच्या जागी नवा आला. 1971 चा लोकायुक्त कायदा आहे. आणि प्रत्येकाच्या पोटात कोठे ना कोठे एक शब्द लपून बसला आहे: परवानगी. चोर धरा, जरूर धरा, पण आधी परवानगी काढा. कोणाची? त्याच्या वरच्याची!

मराठवाड्याच्या माणसाचे या शब्दाशी जुने वैर आहे. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण 53’ नावाचे एक फर्मान होते. गश्ती म्हणजे परिपत्रक. सभा घ्यायची आहे? आधी परवानगी काढा. ज्याच्या कारभाराविरुद्ध बोलायचे, त्याच्याच अंमलदाराच्या दारात अर्ज घेऊन उभे राहा! हैदराबाद संस्थानच्या प्रजेला आपली राजकीय परिषद आपल्या भूमीवर भरवता आली नाही. 1923 ला ती काकिनाड्याला भरली, 1926 ला मुंबईला, 1928 ला पुण्याला आणि 1931 ला अकोल्याला. राहायचे औरंगाबादला, आणि गाऱ्हाणे सांगायला गाठायचे अकोला!

ते राज्य 17 सप्टेंबर 1948 ला गेले. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला मराठी माणसाचे स्वतःचे राज्य झाले. त्यासाठी गिरणगावाने किती रक्त सांडले हे या सभेत सांगण्याची गरज नाही. कशासाठी सांडले ते मात्र सांगितले पाहिजे. नकाशावर रेघ ओढण्यासाठी नव्हे. कचेरीतला कागद कामगाराला वाचता यावा आणि राज्य करणाऱ्याला त्याच्या तोंडावर, आपल्या भाषेत जाब विचारता यावा, यासाठी! 1964 च्या राजभाषा कायद्याने कागद मराठीत आला. आता त्या मराठी कागदावर काय वाचायला मिळते? ‘सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी आवश्यक.’ निजामाची गश्ती आपल्याला वाचता येत नव्हती, ही येते. एवढीच काय ती प्रगती!

हे हवेत बोलत नाही. सिमेंटची गोष्ट घ्या.

1980 साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले. तेव्हा सिमेंट रेशनवर होते. घराच्या भिंतीला गिलावा करायचा तर चार गोण्यांसाठी अर्ज, आणि अर्जामागून खेटे. त्याच काळात ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ नावाचा ट्रस्ट निघाला आणि देणग्यांचा पाऊस पडू लागला. कोणी दिल्या? बिल्डरांनी दिल्या, साखर कारखान्यांनी दिल्या. 1981 च्या ऑगस्टमध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’ने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. हायकोर्टात अर्ज गेला आणि 12 जानेवारी 1982 ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला की देणग्या आणि बिल्डरांना मिळालेले सिमेंट यांचा देवाणघेवाणीचा संबंध आहे. मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली.

लोकांना वाटले, न्याय झाला. अहो, खरी गंमत पुढेच आहे! फौजदारी खटल्यात पहिला प्रश्न गुन्हा झाला की नाही हा निघालाच नाही. प्रश्न निघाला तो परवानगीचा. मुख्यमंत्र्यावर खटला भरायचा तर राज्यपालांची मंजुरी हवी. ती 1982 साली मिळाली, तीही काही मुद्द्यांपुरतीच. मग 1983 च्या जुलैत खास न्यायाधीशाने सांगितले की आरोपी आमदारही आहेत, आमदार हा लोकसेवक, सबब विधानसभेचीही मंजुरी पाहिजे, ती नाही, म्हणून आरोपीला सोडा. 16 फेब्रुवारी 1984 ला सुप्रीम कोर्टाने ते उलटवले. आमदार त्या अर्थाने लोकसेवक नाही, मंजुरीची गरज नाही, खटला हायकोर्टात चालवा. पुन्हा चार वर्षे गेली. 29 एप्रिल 1988 ला सुप्रीम कोर्टाच्याच सात न्यायाधीशांनी सांगितले की खटला हायकोर्टाकडे दिला हीच चूक झाली. सहा-सात वर्षे देशातले नामवंत वकील भांडले कशावर, तर दार कोणाच्या किल्लीने उघडायचे यावर. दारामागे काय आहे ते बाजूलाच राहिले. दोष शाबीत झाला नाही, आणि अंतुले साहेब पुढे दिल्लीत केंद्रीय मंत्रीही झाले.

आता त्याच जानेवारीतली दुसरी तारीख आठवा. 18 जानेवारी 1982. मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांना बेकायदा ठरवायला सरकारला किती वर्षे लागली? 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा तयारच होता. मान्यता एकाच युनियनला, बोलणी तिच्याशीच, बाकीच्यांचा संप बेकायदा. राज्यपालांची मंजुरी नको, विधानसभेचा ठराव नको, सात न्यायाधीश नकोत. कामगारावर कायदा चालवायचा म्हणजे बटण दाबले की साचा चालू! मंत्र्यावर चालवायचा म्हणजे आधी पट्टा शोधा, मग मोटर शोधा, मग मोटर कोणाच्या मालकीची यावर दहा वर्षे वाद घाला.

कोणी म्हणेल, जुन्या गोष्टी झाल्या. बरे, आपल्या शहराच्या नव्या गोष्टी घ्या. गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाची कचेरी येथेच आहे. आपल्यातल्या किती जणांचे घर मागे दुष्काळी गावात आहे! पाटात पाणी आले असते तर अर्ध्याअधिक लोकांनी गिरणीचे फाटक पाहिलेच नसते. 2011-12 च्या सरकारी आर्थिक पाहणीतले आकडे लोकांनी ताडून पाहिले, तेव्हा असे निघाले की दहा वर्षांत सुमारे 70 हजार कोटी रुपये खर्च होऊन राज्याचे सिंचन वाढले ते एक दशांश टक्का. शंभरात एकाचाही दहावा भाग! सरकारने श्वेतपत्रिका काढून सांगितले की वाढ याहून पुष्कळ जास्त आहे. असेल. पण मग दोन्ही आकडे सरकारच्याच घरचे, त्यांतला खरा कोणता? विजय पांढरे नावाच्या मुख्य अभियंत्याने नोकरीत असतानाच सरकारला पत्रे लिहून गैरप्रकार कळवले. सप्टेंबर 2012 मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला आणि त्याच डिसेंबरात ते परत त्याच खुर्चीवर आले. आपल्याच शहरात स्थायिक झालेले जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या हाती चौकशी दिली गेली, 2014 साली त्यांचा अहवाल विधिमंडळापुढे आला.

मग अँटी करप्शन ब्युरोची चौकशी सुरू झाली. ब्युरो कोणाच्या हाताखाली? गृहखात्याच्या. गृहखाते कोणाच्या हाताखाली? मंत्र्याच्या. 23 नोव्हेंबर 2019 ला भल्या सकाळी राजभवनात एक शपथविधी झाला आणि अजित पवार पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. 25 नोव्हेंबरला ब्युरोने सिंचनाच्या नऊ चौकशा बंद केल्या. ब्युरोने खुलासा केला की या नऊ चौकशांचा त्यांच्याशी संबंध नाही. डिसेंबरात नागपूर खंडपीठापुढे शपथपत्र आले की त्यांच्यावर फौजदारी जबाबदारी येत नाही. आम्ही ब्युरोला खोटे म्हणत नाही आणि कोर्टाने ज्याला दोषी ठरवले नाही त्याला आम्ही दोषी ठरवत नाही. आमचे गाऱ्हाणे निराळे आहे. चौकशी करणारा ज्याच्या हाताखाली, तोच सरकार. ज्यांची चौकशी, तेही सरकार. अशा घरात मंत्री खरोखर निर्दोष असला तरी लोकांनी ते मानायचे कशाच्या जोरावर? या व्यवस्थेने चोराला आडोसा मिळतो आणि साव असेल त्यालाही डाग लागून राहतो.

आणि याच शहरात 2024 च्या डिसेंबरात काय उघडकीस आले? विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून 21 कोटी 59 लाख रुपये गेले. आरोप कोणावर? दरमहा 13 हजार पगारावर काम करणाऱ्या कंत्राटी कारकुनावर. अटक झाली, मोटारी जप्त झाल्या, फोटो छापून आले. गुन्हा केला असेल तर भोगू दे त्याला, त्याचे आम्हाला सुतक नाही. पण इतका पैसा अर्धे वर्ष खात्यातून वाहत होता, तेव्हा खाते सांभाळणारे वरचे साहेब कोणता खेळ पाहत होते? तेरा हजारांच्या माणसाला धरायला कोणाची पूर्वपरवानगी लागली नाही, एवढे ध्यानात ठेवा.

हाच भेद कायद्यात लेखी आहे, बरे का. 2018 साली दिल्लीने लाचलुचपत कायद्यात दुरुस्ती केली आणि 17अ नावाचे कलम घातले. सरकारी माणसाने अधिकारात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी सरकारची परवानगी. खटल्याची नव्हे, नुसत्या चौकशीची! पण लाच घेताना जागेवर पकडला गेला तर परवानगी नको. ऐकायला ठीक वाटते. आता जरा विचार करा. जागेवर पकडला जातो कोण? सातबाऱ्यासाठी पाचशे घेणारा तलाठी, दाखल्यासाठी दोनशे घेणारा शिपाई. शंभर कोटींचे टेंडर दोनशे कोटींवर नेणारी सही कधी नोटांना पावडर लावून पकडता येते काय? तेथे पकडायचा असतो तो निर्णय. आणि निर्णयालाच परवानगीचे चिलखत चढवले! अशाच तऱ्हेचे संरक्षण 2003 साली फक्त बड्या केंद्रीय अधिकाऱ्यांना दिले होते. सुप्रीम कोर्टाने 2014 साली ते घटनाबाह्य ठरवले, कारण काय, तर बड्यांना एक न्याय आणि छोट्यांना दुसरा. सरकारने मग युक्ती काढली. चिलखत काढले नाही, सगळ्यांनाच चढवले. 17अ वर सुद्धा पुढे सुप्रीम कोर्टात दावा गेलाच.

आणि लाच देणाऱ्याचे काय? त्याच 2018 च्या दुरुस्तीने लाच देणे हा सरळ गुन्हा झाला, सात वर्षांपर्यंत कैद. तुम्हाला जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलिसांना किंवा ब्युरोला कळवा, तरच सुटका. हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे, बायकामाणसांना सांगावे. रेशन कचेरीत कोणी हात पसरला आणि नाइलाजाने काही दिले, तर आठव्या दिवशी तुम्हीही आरोपी! साहेबाला महिने, तुम्हाला दिवस.

दिल्लीला शिव्या देऊन मोकळे होता येत नाही. आपल्या मराठी राज्याने 2016 साली फौजदारी संहितेला स्वतःची ठिगळे जोडली, की सरकारी नोकराविरुद्ध मॅजिस्ट्रेटनेसुद्धा मंजुरीवाचून तपासाचा हुकूम देऊ नये. नव्वद दिवसांत उत्तर नाही तर मंजुरी मिळाली असे समजायचे, एवढी लाज राखली. ती संहिता 2024 साली गेली. जी नवी आली तिच्यातही मॅजिस्ट्रेटने आधी वरिष्ठाचा अहवाल मागवण्याची वाट ठेवली आहे.

आणि लोकायुक्त? 1972 साली लोकायुक्त नेमून महाराष्ट्राने देशात मान मिळवला. पण त्याच्या हाती होती शिफारस, आणि मुख्यमंत्री त्याच्या कक्षेबाहेर. पन्नास वर्षे असेच चालले. अण्णा हजारे यांनी नव्या कायद्यासाठी तगादा लावला. विधानसभेने डिसेंबर 2022 मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर 2023 मध्ये नवे विधेयक मंजूर केले. मुख्यमंत्री कक्षेत आले! टाळ्या झाल्या. मग बारीक अक्षर वाचा. मुख्यमंत्र्याची चौकशी सुरू करण्याआधी विधानसभेची मान्यता हवी, तीही एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी. सभागृह 288 चे. म्हणजे 192 हात वर झाले पाहिजेत. ज्याच्या मागे 145 हात आहेत म्हणून जो मुख्यमंत्री झाला, त्याची नुसती चौकशी करायला 192 हात! याला कुलूप म्हणतात की किल्ली हरवल्याची पावती म्हणतात?

सरकारच्या बाजूने एक गोष्ट बोलली जाते ती खोटी नाही. परवानगीची अट काढली तर कोणीही उठून खोटी तक्रार करील, प्रामाणिक अधिकारी सहीच करणार नाही, कामे अडतील. प्रामाणिक अधिकारी असतात, आणि त्यांना छळणारेही असतात. पांढऱ्यांसारख्या माणसाला आपणही जपले पाहिजे. पण म्हणून चाळणी जॉबरच्याच हाती द्यायची? चाळणी न्यायाधीशाच्या हाती द्या. तक्रार पोकळ असेल तर तो पंधरा दिवसांत फेकून देईल, आणि का फेकली ते मराठीत लिहून देईल. मुदत संपली आणि उत्तर नाही, तर चौकशी आपोआप सुरू. महिन्याच्या पहिल्या तारखेचे कार्ड ते हेच.

हे अशक्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी 1958 साल आठवावे. विमा महामंडळाने आदल्या वर्षी हरिदास मुंदडा नावाच्या सटोडियाच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे शेअर घेतले होते. गरिबाच्या हप्त्याचे पैसे! सरकारी पक्षाच्याच बाकावरून फिरोज गांधींनी ते लोकसभेत मांडले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छगला यांची चौकशी नेमली गेली. ती बंद खोलीत झाली नाही. मुंबईत, उघड्यावर झाली. आत जागा पुरेना म्हणून बाहेर कर्णे लावले आणि अर्थखात्याचे बडे सचिव काय उत्तरे देतात ते रस्त्यावरचा माणूस ऐकत उभा राहिला. चोवीस दिवसांत काम आटोपले आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावे लागले. चोवीस दिवस! सिंचनाच्या फायलीवरची धूळ झटकायलाही आपल्याकडे याहून जास्त दिवस लागतात.

ती एक चौकशी झाली आणि राज्यकर्त्यांनी धडा घेतला, पण उलटा. अशी चौकशी पुन्हा होऊ द्यायची नाही! चिंतामणराव देशमुखांनी 1956 साली दिल्लीचे अर्थमंत्रिपद सोडले, मुंबईवरच्या अन्यायासाठी सोडले, आणि मुंबईत लोकांवर झालेल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी सरकार नाकारते हेही त्यांचे गाऱ्हाणे होते. पुढे 1959 च्या सुमारास त्यांनीच मागणी केली की भ्रष्टाचाराच्या आरोपांसाठी एक कायमचे, स्वतंत्र न्यायमंडळ नेमा, मी प्रकरणे देतो. पंडित नेहरूंनी नाही म्हटले. म्हणे संशयाचे वातावरण पसरेल. लोकपालाचे पहिले विधेयक 1968 ला आले, कायदा 2013 ला झाला, आणि पहिला लोकपाल खुर्चीवर बसला 2019 ला. वातावरण तोवर किती शुद्ध राहिले ते तुम्ही पाहिलेच आहे.

तेव्हा आपली मागणी साधी आहे. ब्युरो गृहखात्यातून काढा. परवानगीचा अधिकार मंत्र्याकडून न्यायाधीशाकडे न्या, आणि त्याला तारीख घाला. 192 हातांची अट रद्द करा. आणि मोठ्या माणसाची चौकशी छगलांसारखी उघड्यावर, मराठीत करा. आमच्या पैशाची चौकशी आम्हाला ऐकू येऊ द्या.

विधिमंडळ ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. औरंगाबादची गिरणी 1889 साली उभी राहिली, तिचा भोंगा केव्हाच थांबला. पण त्या भोंग्यावर उठणाऱ्यांची पोरे-नातवंडे याच शहरात आहेत आणि त्यांना लिहिता येते. 2002 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली देशाने माहितीचा अधिकार दिला आहे. दहा रुपयांचे तिकीट लावा आणि जलसंपदा खात्याला, नगरविकास खात्याला, सामान्य प्रशासनाला एकेक अर्ज करा. विचारा: चौकशीची किंवा खटल्याची परवानगी मागणारी किती पत्रे तुमच्याकडे आली? किती दिली, किती नाकारली, किती पडून आहेत? पडून आहेत ती कोणत्या तारखेपासून, आणि कोणाच्या टेबलावर? तीस दिवसांत उत्तर आले नाही तर खात्यातच पहिले अपील करा, तेथेही दाद मिळाली नाही तर राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ याच शहरात आहे. अर्ज मराठीत लिहा, कायद्याने तो हक्क दिला आहे. कचेरीतला बाबू इंग्रजीत लिहून आणा म्हणाला तर त्याचे नाव, हुद्दा आणि तारीख त्याच अर्जाच्या पाठीवर लिहून घ्या.